पिवळ्या बादलीचा अहवाल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा लाथ! उजव्या पायाला. बुटाची कड संपते आणि गुडघा सुरू होतो, त्या दोन बोटांच्या जागेत. सासरेबुवांना ती जागा कशी सापडते कोण जाणे.

तक्त्यात पाच लिहिले. एक म्हणजे 'शांत, हातात घेता येतो'; पाच म्हणजे 'माणसावर धावून येतो'. मलाय जातीच्या तिन्ही नरांना पाच. मागची पानं चाळली — तीन महिने, दर सोमवार-गुरुवार, एकदाही पाचाखाली नाही. इतकं सातत्याने वाईट वागणं माणसालाही जमत नाही.

मोठ्या मलाय कोंबड्याला सासरेबुवा हे नाव काकांनी ठेवलं. काका म्हणजे आमच्या पक्षी केंद्राचे रखवालदार. माझं जेवढं वय तेवढी त्यांची इथली नोकरी. "अडीच फूट उंची, जाड भुवया, आणि समोरच्याकडे कायम वरून बघायचं — सासरा नाही तर काय, ताई!"

अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. जानेवारीपासून केंद्र शाळेच्या मुलांना बघायला खुलं होणार. जुनी शेड पाडणार आणि नव्या शेडमध्ये लढाऊ कोंबड्यांच्या तीनपैकी दोनच जाती मावतील. शामो, असील, मलाय — यातल्या कुठल्या दोन, ते स्वभावावरून ठरणार. स्वभाव बघायचं काम माझं. माझं! सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवरच्या मुलीचं.

मुलाखतीत केंद्रप्रमुख डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "पक्ष्यांची भीती वाटते?" मी म्हणाले, "नाही."

ते अजून टोचतं. लाथेपेक्षा जास्त.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अहवालातला 'निगा' हा भाग आधी इथे कच्चा लिहिते. उद्या शुद्ध करीन.

तिन्ही जाती दिसायला पैलवान, पण पिसं आखूड आणि अंगाला घट्ट. छातीचं हाड तर उघडंच. त्यामुळे थंडी पहिली यांनाच लागते. कोरडा पेंढा आणि बंद भिंत हवीच. बसायची दांडी गुडघ्याच्या खाली ठेवायची. पाच किलोचं धूड उंचावरून उडी मारतं आणि तळपायाला गळू धरतं. दोन नरांच्या मध्ये फळी हवी, जाळी नको. जाळीतून दुसरा नुसता दिसला तरी दिवसभर चोच आपटत राहतात, खाणं सोडतात.

शामोची पिल्लं सगळ्यात लवकर वेगळी करावी लागतात. पाच आठवड्यांची झाली की एकमेकांची डोकी फोडतात — सख्खे भाऊ! मोठा झालेला नर मात्र माणसाशी अदबीने वागतो. आमचा 'शिपाई' नावाचा नर दिवसभर छाती काढून पहाऱ्यावर उभा, पण उचलला की मुकाट. अंडी कमी. वर्षाला पन्नास मिळाली तर नशीब. पण कोंबडी एकदा बसली की उठत नाही. इतकी जड की कधी आपलंच अंडं फोडते. (आईची आठवण येते. मायाही जास्त, वजनही जास्त.)

मलायचे पाय उंच आणि नाजूक. पायाच्या खवल्यांखाली बारीक किडे होतात. आमच्याकडे फक्त त्यांनाच झालेत. म्हणून सोमवार-गुरुवारी पाय साबणाने घासायचे, मलम चोळायचं, मागचा काटा कानशीने बोथट करायचा. ब्रश, मलम, कानस, साबणपाणी सगळं पिवळ्या बादलीत. मलायचं दार पहिलं. बादली घेऊन आत दहा पावलं चालायचं, ती खाली ठेवायची, मिनिटभर थांबून गुण द्यायचे, मग काका धरतात आणि मी पाय घासते. बादली तिथेच सोडून पुढे शामो. शेवटी असील.

असीलला काही करावंच लागत नाही. असील म्हणजे सुट्टी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मलाय — पाच, पाच, पाच. शामो — एक, दोन, एक. असील — तिन्ही एक.

गुरुजींना एकाच्या खाली गुण देता आला असता तर दिला असता. गुरुजी म्हणजे असीलचा म्हातारा नर. डोक्यावर पीस नाही, पाठीमागे हात बांधल्यासारखा चालतो. मी उकिडवी बसले की येऊन मांडीवर चोच टेकतो. फेरीचं शेवटचं दार, खिशात भिजवलेल्या गव्हाचे मूठभर दाणे उरलेले असतात, ते तिघांना तळहातावर देते. त्या दहा मिनिटांत मला कसलीच धडधड होत नाही. दिवसभरात तेवढीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवाल दिला. शेवटची ओळ: 'मलाय जात माणसांना धोकादायक असून नव्या शेडमध्ये ठेवू नये.'

डॉक्टरबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "तीन महिन्यांत एकदाही चार नाही?"

"नाही."

"बरं." सही केली.

कार्यालयातल्या शिक्केवाल्यांनी शिक्का मारला. त्यांचं खरं काम टंकलेखनाचं. पण हाताला लागेल त्यावर शिक्का मारतात आणि तो कायम तिरका. म्हणाले, "झालं, ताई. सासरेबुवा स्वर्गवासी."

मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. मलाय दुसऱ्या कुठल्याच केंद्रात ठेवत नाहीत. तीन नर, दहा कोंबड्या — सगळ्या मांसाच्या व्यापाऱ्याला. पुढच्या गुरुवारी गाडी येणार.

हे मला आधी विचारायला हवं होतं. का नाही विचारलं?

८ नोव्हेंबर, शनिवार

आईने शेजारी सांगूनही टाकलं — पोरगी महिनाअखेर कायम होणार. अजून व्हायची आहे!! "होणारच ना," म्हणते. "तू कधी चुकलीस का?"

१० नोव्हेंबर, सोमवार

घाईत लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी फेरीच्या आधी मलायच्या खुराड्यातून किंचाळणं ऐकू आलं. एका कोंबडीचा पाय दाराच्या जाळीत अडकला होता, रक्त येत होतं. काका पार टोकाला पाण्याच्या टाकीपाशी. मी तशीच आत धावले. हातमोजे नाहीत, बूट नाहीत — पायात घरातल्या चपला! पाय सोडवला. कोंबडीला काखेत धरून उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं: सासरेबुवा माझ्या कोपराला लागून उभे आहेत.

वाटलं, संपलं.

त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. जमीन उकरली. काखेतल्या कोंबडीला हळूच 'कुक् कुक्' केलं. आणि बाजूला झाले.

झाले बाजूला!

अर्ध्या तासाने नेहमीच्या फेरीला गेले. बूट, हातमोजे, बादली. दहाव्या पावलाला लाथ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज नीट करून बघितलं. चार वेळा.

बूट-मोजे घालून, बादली न घेता — काही नाही.
चपला घालून, बादली घेऊन — लाथ.
पुन्हा बादलीशिवाय — काही नाही. दाढी असती तर कुरवाळली असती, असा चेहरा.
मग बादली एकटीच आत ठेवली आणि बाहेरून दार लावलं.

सासरेबुवांनी बादलीला लाथ मारली. मग उडून दुसरी. बादली आडवी झाली तरी ते तिला मारत राहिले. बाकीचे दोघेही येऊन मारायला लागले.

त्यांना माझा राग नाही. पाय घासायचा, काटा बोथट करायचा, उलटं धरून ठेवायचं — त्या सगळ्याचा राग. आणि त्या सगळ्याचा रंग पिवळा. मी बादली खाली ठेवली की पुढे काय होणार, ते त्यांना तीन महिन्यांपूर्वीच कळलं. मला आज कळलं.

काका मागे येऊन उभे होते. हसत नव्हते. म्हणाले, "बादलीच त्यांना नडते, ताई. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तक्त्यात लिहीत असाल. शिकलेल्या माणसाला आम्ही काय सांगायचं?"

परवा गुरुवार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळभर स्वतःशी वकिली केली. अहवालात खोटं काही नाही. लाथ खरी, पाच खरे, तारखा खऱ्या. मुलांसमोर कुणीतरी पिवळी बादली घेऊन येणारच की! मग ही जात धोकादायकच नाही का? — असं सगळं. माझं मलाच पटेना. त्यांचा स्वभाव मी एकदाही बघितला नाही, हे खरं. बाकी सगळी सजावट.

दुसरी बाजूही आहे. कायम होणं. घरात नोकरीचं पत्र आलेली पहिलीच मी. आईने ते फ्रेम करून लावलंय. आणि मलाय राहिले तर दुसरं कुणीतरी जाणार, जागा दोघांचीच आहे! कोण जाणार, तो विचार मी केला नाही. करायचाच नाही असं ठरवून केला नाही.

दुपारी डॉक्टरबाईंच्या दाराबाहेर उभी राहिले. पाय आत जाईना. सातवीत शाळा बदलली तेव्हा पहिले दोन महिने रोज उशीर व्हायचा आणि वर्गाबाहेर अशीच उभी राहायचे. घरी कुणाला कधी कळू दिलं नाही. तेव्हाही दाराच्या चौकटीवरचे खिळे मोजायचे. इथे सहा आहेत.

आत गेले. सगळं सांगितलं. बादली, चार वेळा, काका जे बोलले ते.

त्यांनी तक्ता काढून पुन्हा वाचला. मग: "म्हणजे तीन महिने तुम्ही बादलीचा अहवाल लिहिलात."

"हो."

"आणि उद्या गाडी येतेय."

"हो."

"आणखी काही?"

मी म्हणाले, "मुलाखतीत मी म्हणाले होते, भीती वाटत नाही. वाटते. पहिल्यापासून."

"ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "बादली मात्र नाही दिसली. मलाही नाही." फोन उचलला, व्यापाऱ्याला यायला मनाई केली. मग माझ्याकडे न बघता: "तुमची कच्ची नोकरी तीन महिने वाढेल. चालेल?"

चालेल. आईला कसं सांगू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी फेरतपासणी. तिन्ही जाती, एकच दिवस, एकच माणूस. अट — त्या माणसाला पक्षी हाताळता यायला हवेत, पण या पक्ष्यांनी त्याला कधी बघितलेलं नसावं. गुण डॉक्टरबाई स्वतः देणार.

शिक्केवाल्यांना विचारलं गेलं. "मी टंकलेखक आहे, हुतात्मा नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुणाच्या ओळखीत आहे का असा कोणी?"

मी बादल्या आवरायला निघून गेले. ओळखीत आहे. चांगलाच आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. "माझे वडील. पूर्वी ते कोंबडे पाळायचे. झुंजीचे." शेवटचा शब्द इतका हळू की त्यांनी दोनदा विचारला.

"आता?"

"आता नाही. तेरा वर्षं झाली."

"मग आणा त्यांना."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या घरात या विषयावर बोलत नाहीत. इथे लिहिते.

बाबा गवंडीकाम करतात. तेव्हा परसात त्यांचे सात कोंबडे असायचे, पिंजऱ्यांची एक ओळ. मी सहा वर्षांची असताना एक सुटला आणि माझ्या तोंडावर आला. डाव्या भुवईत अजून एक चीर आहे, तिथे केस येत नाहीत. पुढे सातवीच्या पुस्तकात एक धडा होता, मुक्या जनावरांच्या छळाबद्दल. मी तो एका संध्याकाळी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. स्वतः होऊन. उभी राहून, शाळेत वाचतात तसा. आठच दिवसांत पिंजरे रिकामे.

माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग! तो धडा मला अजून तोंडपाठ आहे. वाईट दिवशी तोच आठवते.

आज त्यांना म्हणाले, "बाबा, सोमवारी माझ्या कामावर याल?" सगळं समजावलं. आई मध्येच: "लेकीचं काम बापाने करायचं? वाऽ!"

बाबांनी एवढंच विचारलं, "जात कुठली?"

"मलाय, शामो, असील."

हातातली गिलाव्याची करणी पुसत होते, ती थांबली. "असील," म्हणाले. "बरं. येतो."

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. काकांनी आणि त्यांनी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यात त्यांची ओळख झाली. मला जाळीच्या बाहेर उभं केलं. डॉक्टरबाईंच्या हातात तक्ता.

मलाय. बाबा चपला काढून आत गेले. दहा पावलं, मग उकिडवे बसले, नजर जमिनीवर. सासरेबुवा आले. वरून खालपर्यंत बघितलं. सदऱ्याचं बटण एकदा टोचलं आणि निघून गेले. बटण पसंत पडलं नसावं! डॉक्टरबाईंनी लिहिलं — दोन. बाकीचे दोघे, दोन आणि एक.

मी रडणार होते, पण वेळ नव्हता.

शामो. एक, एक, दोन. शिपायाने बाबांच्या हातात सलामी दिल्यासारखी मान ताणली. काका म्हणाले, "बदली झाली तरी हा ड्युटीवरच."

असील. मी निर्धास्त होते. खरंच निर्धास्त! बाबा आत गेले, बसले. गुरुजी तुरुतुरु आले. बाबांच्या हाताकडे बघितलं. खिशाकडे बघितलं. पुन्हा हाताकडे. आणि उडाले.

आवाज झाला तो कपडा फाटल्याचा. इस्त्रीचा सदरा. मग बाबांचा उजवा हात अंगठ्यापासून मनगटापर्यंत लाल. गुरुजी खाली पडले, पुन्हा उडाले. बाबा उठले नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांना अलगद जमिनीवर दाबून धरलं, शांत होईपर्यंत. तरुण दोघांनीही मान फुगवली, पण आले नाहीत.

"पाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. मोठ्याने. मला ऐकू यावं म्हणून.

हात धुताना बाबांनी विचारलं, "त्याला हाताने चारतेस?"

"शेवटी दोन दाणे देते. उरलेले."

"रोज?"

"सोमवार-गुरुवार. आणि... मधेही."

"लाडावलाय. माणसाचा आबच राहिला नाही त्याला. दाणा नसलेला हात म्हणजे दुसरा कोंबडा." चिडलेले नव्हते. "वाईट नाही तो. तू घडवलास तसा आहे."

म्हणजे दोन्हीकडे मीच. तिकडे बादली, इकडे खिसा. तीन महिन्यांच्या तक्त्यात कोंबडे नव्हतेच. मीच होते, पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत.

निघताना बाबा म्हणाले, "दार उघडताना श्वास धरतेस. अजून."

अजून म्हणजे? विचारणार होते, तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांच्या हाताला तीन टाके. आठ दिवस करणी धरायची नाही.

निर्णय झाला. शामो आणि मलाय राहणार. असील इतर केंद्रांतही आहेत. कोंबड्या आणि तरुण दोन नर तिकडे जातील. गुरुजींना कुणी घेत नाही. म्हातारा, आणि माणसावर धावणारा.

व्यापाऱ्याची गाडी २७ ला. गुरुवार.

खरं बोलल्यावर बरं वाटतं म्हणतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बादली निळी आणली. पाय घासायचं काम आता दुपारी आणि वेगळ्या जागी, गुण द्यायच्या वेळी नाही. खिसा रिकामा. गुरुजी आले, तळहात बघितला, माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला. चावले नाहीत, पण समजलेही नाही त्यांना.

घरी जेवताना बाबा आईला म्हणाले, मला नाही: "तो म्हातारा द्यायचा असेल तर मी घेतो."

आईने ताट आपटलं. "हात फाडलान त्याने!"

"म्हणूनच. मला सवय आहे."

केंद्रातून पक्षी घ्यायचा तर अर्ज लागतो. मी तो घरी आणला, कारण आमच्या घरातले सगळे अर्ज मीच भरते. बाबा सही तेवढी करतात. पहिले तीन प्रश्न जागा, कुंपण, सावली. चौथा: 'यापूर्वी झुंजीसाठी पक्षी पाळले आहेत का?' पाचवा: 'असल्यास, ते का बंद केले?'

पाचव्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते चांगलं आहे — धडा! कुणीही वाचून मान डोलवेल. पण त्याच्या आधी चौथा आहे. तिथे 'होय' लिहिलं की बहुतेक अर्ज तिथेच संपतो, असं शिक्केवाले म्हणतात.

पेन उचललं आणि ठेवलं. केंद्रात नोकरी करणारीने वडिलांचा अर्ज भरायचा? नाही. बाबांना म्हणाले, "तुम्ही स्वतः या. शिक्केवाल्यांना सांगा, ते लिहून घेतील."

"बरं."

"आणि बाबा... जे असेल ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहान मुलाने खेळण्यातलं पिस्तूल रोखल्यावर बघतात तसं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी परसातला जुना एक पिंजरा काढून धुतला. डाव्या हाताने.

मला भरवसा आहे का त्यांचा? असील हे नाव ऐकून करणी थांबली होती. डोळ्यांत काहीतरी आलं होतं. म्हातारा असला तरी लढेल तो, हे सोमवारी त्यांनीच बघितलं. स्वतःच्या हातावर! तेरा वर्षं म्हणजे किती? पुरेशी?

लिहिताना लाज वाटते. पण इथे तरी खोटं नको: पूर्ण भरवसा नाही.

आणि चौथ्याला ते 'नाही' म्हणाले तर ते खोटं आहे, हे मला जाऊन सांगावं लागेल. झुंजीचं डॉक्टरबाईंना मीच सांगितलंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आले होते. कार्यालयाचं दार अर्धा तास बंद. मी बाहेर पाण्याची भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. काका म्हणाले, "ताई, त्याच्यावरचा पत्रा निघेल."

बाबा बाहेर आले, पायात चपला सरकवल्या. मी विचारलं, "चौथा?"

"सांगितलं जे आहे ते."

"आणि पाचवा?"

"तेही." आणि गेले. कामावर, टाक्यांसकट.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरबाई दोन दिवस बाहेर. अर्ज त्यांच्या टेबलावर पडून. गाडी उद्या दहाला.

गुरुजींनी आज तळहात न बघताच मांडीला चोच टेकली. दाणा नव्हता. बसून राहिले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी रिकामी गेली. डॉक्टरबाई सकाळीच परतल्या. अर्ज मंजूर. डॉक्टरबाईंची सही, आणि शिक्का चक्क सरळ. फायलीला लावायला माझ्याच हातात आला.

प्रश्न चार — होय. अकरा वर्षे.

प्रश्न पाच. अक्षर शिक्केवाल्यांचं, शब्द बाबांचे: 'मुलगी घाबरायची. परसदाराने शाळा जवळ होती, पण पिंजऱ्यांवरून जायची नाही, लांबून फिरून जायची. सातवीत तिला रोज उशीर व्हायचा. वर्गाबाहेर उभी असायची.'

धड्याचं त्यात काहीच नाही.